बंदच्या दिवशी पोरीची माळ

२०१८ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी दुसरीच्या पुढं गेलेली नाही, तरी हे मीच लिहितोय, कारण आमच्या आळीत आता ही गोष्ट वेगळीच सांगतात आणि ती खोटी आहे.

त्या दिवशी चाकण बंद होतं. हमरस्त्यावर बस पेटवल्या होत्या, धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. आणि माझी आठ वर्षांची नात सकाळपासून पोट धरून लोळत होती. सून बाळंतपणाला माहेरी. लेक कंपनीत, आणि कंपनीनं गेट लावून घेतलेलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं अर्धं शटर वर करून पोरीचं पोट दाबून पाहिलं. म्हणाला, "अपेंडिक्स आहे आप्पा. पिंपरीला न्या, आजच्या आज ऑपरेशन पाहिजे. फुटलं तर पोर हाताला लागायची नाही."

मी आमच्या देवळाच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो. जमिनीच्या पैशातली मोठी पांढरी गाडी, काचेवर मंडळाचं नाव.

"आप्पा, आज गाडी काढली तर काचा जातील. उद्या सकाळी सोडतो की."

"उद्या काय, तिरडी सोडतोस?" म्हणालो आणि फिरलो.

आमच्या भिंतीला लागून एका ख्रिस्ती पाळकाचं बिऱ्हाड भाड्यानं राहतं. नगरकडची माणसं. नवरा, बायको, एक मुलगी. रविवारी एका गाळ्यात कंपनीतली पोरं गोळा करून प्रार्थना घेतात. माझं त्याचं कधी पटलं नाही, आजही पटत नाही. त्यांच्या घरचा चहासुद्धा मी घेतला नव्हता. मी मागायला गेलोच नाही. नातीचं रडणं भिंतीतून ऐकून तोच स्कूटर काढून दारात उभा राहिला.

"बाबा, तिला मधे बसवतो, ही मागून धरील. शेतातल्या वाटेनं मोशीला निघतो."

चौथ्याला जागा नव्हती. आपली मुलगी त्यांनी माझ्यापाशी ठेवली. जाताना तो म्हणाला, "तिच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?"

"मनात करा. आणि डोळे उघडे ठेवा, वाट खराब हाय."

दुपारी पाळकाच्या बायकोचा फोन. लेकानं फोनवरूनच होकार दिला होता, डॉक्टर तयार होते, पण पोरगी गळ्यातली माळ काढू देईना. नर्सला चावली म्हणे.

आम्ही माळकरी. तुळशीची माळ तिच्या गळ्यात मीच घातली, आणि नेमही मीच शिकवला: माळ गळ्यात नसेल तोवर अन्नाला शिवायचं नाही. पोरगी माझ्याच वळणावर गेली. बाईनं फोन तिच्या कानाला लावला.

"आप्पा, माळ काढली तर मला जेवता येणार न्हाई."

"अगं, डॉक्टर तुला तसंबी उपाशीच ठेवणार हाय. मग नेम मोडला कुठं?"

"आणि उद्या?"

"माळ परत गळ्यात येईस्तोवर तुझा उपास मी धरतो. आता काढ आणि काकूंच्या हातात दे. सांग, खाली ठेवायची न्हाई."

दिली. तिला आत नेलं. दिवेलागणीला फोन आला: झालं, शुद्धीवर आली.

तो फोन ठेवतोय तोवर अध्यक्ष दारात. मागं सहा-सात पोरं. त्याच्या मोबाइलवर एक फोटो, इस्पितळात आळीतलंच कुणी होतं त्यानं काढलेला. बाकावर पाळकाची बायको बसलेली, मनगटाला नातीची माळ. खाली ठेवायची नाही म्हटलं, म्हणून त्या बाईनं हाताला गुंडाळली होती!

"आप्पा, पोरगी बाटवली त्यांनी. तक्रार द्या. चौकीत आमी येतो गाडी घेऊन."

"माळ मी काढायला लावली."

"तुमाला फशिवलंय. तुमी साधी मानसं."

"दुपारी पोरीला न्यायला गाडी निघंना, आता चौकीत जायला निघती व्हय रं?"

मागची दोन पोरं फिस्सकन हसली. तेच त्याला झोंबलं. "सामान बाहेर काढा रे त्यांचं," म्हणाला. "आज खोली खालीच करू."

पाळकाची मुलगी माझ्या चुलीपाशी भाकरी खात होती. तिचा घास हातातच राहिला. मी उठलो आणि त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

"या. आधी मला उचला. म्हातारा हाय, उपाशी हाय. उचलताना मेलो तर तक्रार तुमच्यावर हुईल."

कुणी पुढं येईना. एकजण पुटपुटला, "चला राव, आप्पाच्या नादी कोण लागतंय."

गेले. पण अध्यक्ष आळीच्या तोंडाशी थांबून ओरडला, "उद्यापासनं भजनाला यायचं न्हाई! तुमीबी न्हाई, पोरगीबी न्हाई. बाटलेलं देवळात चालत न्हाई!"

त्या भजनात मी काळ्या केसांचा असल्यापासून टाळ वाजवतोय. हा तेव्हा जन्मलाही नव्हता. ज्याला गाडीच्या काचा पोरीच्या जिवापेक्षा महाग, तो मला धर्म शिकवणार! आळीतले शहाणे अजून सांगतात, पाळकानं उपकाराचं जाळं टाकलं. टाकलं असेल. मी काय मासा आहे? आणि समजा टाकलं, तर त्या दिवशी तुमची जाळी कुठं वाळत घातली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, पाळकाच्या मुलीला बोटाला धरलं आणि देवळात गेलो. तिला आत ये म्हटलं नाही. तिला बाटवायची नव्हती मला. ती बाहेर चपलांपाशी थांबली. आरती झाली, माणसं पांगायच्या आत मी पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "पोरीची माळ मी काढायला लावली. जीव वाचवायला काढली. ती बरी झाली की हितंच भजनाला बसंल, माझ्या शेजारी. ज्याला बाट वाटतो त्यानं आपली घोंगडी दुसरीकडं टाकावी." उत्तराला मी थांबलो नाही. रस्ता मोकळा झाला होता. दुधाच्या टेम्पोला हात केला, पोरीला आधी वर चढवलं आणि आम्ही दोघं पिंपरीला निघालो.