विहिरीतली वाम

आमच्या पेठकडच्या गावात विहिरीत एक वाम सोडायची पद्धत होती. हा सापासारखा लांब मासा किडे खातो, पाणी नितळ राहतं. बाबांनी ओढ्यातून आणलेलं पिल्लू काडीसारखं बारीक होतं. पाठीवरून निघालेला पर शेपटीला वळसा घालून पोटापर्यंत अखंड गेलेला. समुद्रातून नदीनं वर येताना ते ओल्या कातळांना अंग चिकटवून चढलं होतं. आम्हाला ते कुठं ठाऊक! पावसात ते विहिरीच्या ओल्या भिंतीवरून वर यायचं. "खेळतंय लय," म्हणत बाबा त्याला बोटानं पाण्यात ढकलायचे.

पुढे ती वाम मनगटाएवढी जाड झाली. एका वर्षी तिचे डोळे मोठे झाले, पोट चंदेरी दिसू लागलं, खाणं सुटलं. देवी पावली म्हणून गावानं हळदकुंकू वाहिलं. कसली देवी! अंडी घालायला समुद्राकडे निघायची ती खूण असते, हे मी नाशकात आल्यावर वाचलं.

त्या पावसाळ्यात भिंतीला तोंड घासत ती गोल गोल फिरली आणि मेली. तोवर आम्ही रोज सकाळी विहिरीत डोकावून बघायचो, तिला पिल्लं झाली का.