समजलं का? समजलं!

सांगलीच्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांनी फर्मान काढलं. प्रत्येकानं आपला एक तास फोनवर रेकॉर्ड करायचा, घरी बसून ऐकायचा आणि त्यातला सर्वांत चांगला तुकडा शनिवारी मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवायचा. मी मनातल्या मनात उड्याच मारल्या. अर्थशास्त्र शिकवण्यात माझा हात कोण धरणार!

घरी येताच रेकॉर्डिंग लावलं. नवरा फौजेतून निवृत्त झालेला, ऊस बघून नुकताच परतला होता. चहा घेऊन समोर बसला. मागणीची लवचिकता काय रंगवली होती मी! स्वतःच्याच विनोदाला मी पुन्हा एकदा हसले.

"वर्गात कुणी न्हवतं व्हय गं?" त्यानं विचारलं.

"अख्खा वर्ग भरला होता!"

"मग कोण बोलंना कसं?"

फणकाऱ्यानं मी रेकॉर्डिंग मागे नेलं. मी विचारत होते, "समजलं का?" आणि श्वासही न घेता मीच सांगत होते, "समजलं! चला पुढे." तासभर हेच. प्रश्न माझा, उत्तर माझं, वर शाबासकीही माझीच. मग मला असं काही हसू फुटलं की चहा सांडला. पण शनिवारी ऐकवायचं काय, डोंबल?

दुसऱ्या दिवशी फोन चालू करून पुन्हा विचारलं, "समजलं का?" आणि तोंडावर पदर दाबून उभी राहिले. 'समजलं' जिभेवर नुसतं नाचत होतं. वर्ग चक्रावला. पंखा कुरकुरत राहिला. शेवटी आटपाडीकडची एक मुलगी उठली. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"न्हाई समजलं, मॅडम."

"कालचंबी न्हाई!" मागून एक जण ओरडला.

"परवाचंबी!"

वर्गात हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते. इतकी झकास फजिती आयुष्यात झाली नव्हती. मी पहिल्यापासून सुरुवात केली, तर तीच मुलगी मध्ये म्हणाली, "म्हंजी मटण महागलं की लोक अंडी घेत्यात, पर मीठ महागलं तरी मीठच घेत्यात. तसं व्हय?"

"तसंच!" मी जवळजवळ किंचाळले.

शनिवारी ऐकवायचा तुकडा सापडला होता. संध्याकाळी तो नवऱ्याला ऐकवला. त्यात पोरांचा नुसता गलका.

"आता ह्यात तू कुठं हायस?" तो म्हणाला.

"मी ऐकतेय की," मी म्हणाले.