चेहरे झाकणारा हात

पिंपळे गुरवमधल्या आमच्या ऑफिसात चित्रपटांचे तुकडे पाहून माणसांच्या भावना नोंदवायच्या असतात. त्या नोंदींवरून संगणक सिनेमा समजायला शिकतो. माझ्या शेजारी बसणारा पूर्वी भोसरीतल्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होता. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. प्रत्येक तुकडा तो दोनदा पाही, दुसऱ्यांदा त्याच हाताने पडद्यावरचे चेहरे झाकून.

"तोंडाकडं काय बघताय, राव? हात बघा," म्हणायचा.

एका तुकड्यात नवरी हसत होती. त्याने ‘भीती’ लिहिलं. नोंदी तपासणारा मी. मी ते खोडून ‘आनंद’ केलं. ती त्याची तिसरी चूक ठरली. तिसऱ्या चुकीला काम जातं, तसं त्याचं गेलं. निघताना त्याने पडद्यावरचे आपल्या तळहाताचे डाग रुमालाने पुसले.

"येतो, भाऊ," एवढंच म्हणाला.

नंतर मी तो चित्रपट पूर्ण पाहिला. त्याच तुकड्यात हसणाऱ्या नवरीने पाटाची कड घट्ट धरली होती. पुढच्या दृश्यात ती मांडवातून पळाली. साहेबांना सांगितलं असतं, तर त्याला परत बोलावलं असतं. पण मग चूक माझ्या नावावर चढली असती, आणि ती माझीही तिसरी ठरली असती.

त्या तुकड्यावर अजून ‘आनंद’ आहे.