तळं आटण्याचं प्रकरण

मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. पलीकडून सुनंदा बोलत होती, अंथुर्ण्याच्या आबांची सून. "बाई, तात्या गेलं. पहाटं." हातातला टॉवेल तसाच धरून मी खुर्चीत बसले. तीच पुढे म्हणाली, "आठ म्हैनं काढलं म्हणायचं. डाक्टरनी तर चारच सांगितलं हुतं..." मी हूं म्हटलं, निघते म्हटलं आणि फोन ठेवला. तात्या गेल्याचं मला त्या फोनवर कळलं, आणि तात्या आठ महिने आजारी होते हेही त्याच फोनवर कळलं. त्या आठ महिन्यांतल्या प्रत्येक रविवारी मी त्यांच्यासमोर दोन तास बसत होते.

ईशा, मल्हार, तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून सरळ लिहिते. घरात त्यांना तात्या म्हणत, आम्हा कॉलेजातल्यांसाठी ते दिनकरराव. बारामतीच्या कॉलेजात इंग्रजीच्या विभागात आमची टेबलं तीस वर्षं समोरासमोर होती. माझ्या टेबलावर पेपरांचे गठ्ठे रोल नंबरप्रमाणे लावलेले असत, त्यांच्या टेबलावर शेंगांची टरफलं असत. मी पुण्यात मिशनच्या शाळेत शिकलेली. ते अंथुर्ण्याच्या शाळेतून येऊन पाचवीला एबीसीडी शिकलेले. वर्गात मात्र मुलं त्यांच्याच तासाला खिडकीत उभी राहून ऐकत. माझं एखादं भाषांतर वाचून ते म्हणायचे, "बाई, तुम्ही वाक्याला इस्त्री करता. जरा चुरगळू द्या की." मी म्हणे, "तुमची वाक्यं धुतलेली तरी असतात का?" असं तीस वर्षं चाललं. त्यांची पत्नी आणि तुमचे आजोबा दोन वर्षांच्या अंतराने गेले. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे सांत्वनाला गेलो नाही, काम काढून बसलो.

ते काम म्हणजे एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर. कादंबरी शंभर वर्षांहून जुनी. परग्रहावरून कुणीतरी आपल्या पृथ्वीवर चालून येतं, अशी. नाव लिहीत नाही, कारण भाषांतर अजून कुणाला दाखवलेलं नाही. दिनकररावांचं म्हणणं असं की, आपल्याकडच्या मुलांना असल्या स्वारीची गोष्ट सिनेमात दिसते, पण वाट बघायला लावणारी भाषा मिळत नाही. पुस्तक त्यांच्याकडे होतं. मी ते वाचलेलं नव्हतं, आणि ते म्हणाले, "मीसुद्धा नाही वाचलेलं." मग आम्ही करार केला. हसाल तुम्ही, पण दोन निवृत्त प्राध्यापकांनी खरंच तसा करार केला: कुणीही पुढचं पान वाचायचं नाही. पुस्तक अंथुर्ण्यालाच राहील. दर रविवारी मी इंदापूरच्या एस.टी.ने चार वाजेपर्यंत पोचायचं, त्यांनी इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायचं, मी मराठी करून वहीत उतरवायचं. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असलं की हात आधीच सैल पडतो, असं त्यांचं मत होतं. मला ते पटलं, कारण मला नियम आवडतात.

वाक्य वठलं की नाही हे मात्र आम्ही ठरवत नव्हतो. ते आबा ठरवायचे. आबा म्हणजे दिनकररावांचे थोरले भाऊ, उसाच्या शेतीत आयुष्य गेलेले, इंग्रजीचं एक अक्षर न येणारे. ओसरीवर पोतं टाकून ते बियाण्यासाठी शेंगा फोडत बसत. मी तयार झालेला परिच्छेद त्यांना वाचून दाखवी. आबांचा हात चालू राहिला तर वाक्य कच्चं. हात थांबला, शेंग बोटांत तशीच राहिली, की मी समासात लाल शाईने तारा काढायची. आबांनी म्हशीकडे बघून "सुनंदे, पाणी दावलं का?" असं विचारलं की आख्खा परिच्छेद पुन्हा लिहायचा.

पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण म्हणजे तळ्याचं. एका गावाबाहेरच्या तळ्यात आकाशातून काहीतरी पडतं आणि बुडतं. आता कुणीही लेखक त्या वस्तूविषयी लिहील. हा लिहीत नाही. तो फक्त पाण्याविषयी लिहितो. पहिल्या दिवशी पायरीवरचं शेवाळ उघडं पडलंय. दुसऱ्या दिवशी धोब्याला आपला दगड दोन पावलं पुढे सरकवावा लागतो. तिसऱ्या दिवशी लिंबाचं सरबत विकणारा येऊन बसतो, कारण बघ्यांची गर्दी वाढली आहे. मुलं पैज लावतात, एक बाई हरवलेली बादली सापडली म्हणून हसते, आणि पाणी रोज हातभर उतरत राहतं. भीती हा शब्द त्या पंचवीस पानांत एकदाही येत नाही. वाचणाऱ्याला कळतं की काहीतरी वर येतंय, पण धोब्याला फक्त आपला दगड दिसतो. मी कित्येक वर्षं मुलांना फळ्यावर लिहून देत होते की, वाचकाला ठाऊक असतं आणि पात्राला नसतं, तिथे ताण निर्माण होतो. इतकं स्वच्छ उदाहरण मला आधी मिळालं नव्हतं.

या प्रकरणात आबांच्या शेंगा फार कमी फुटल्या. त्यांचं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात धरण उतरलं की जुन्या घरांची जोती वर येतात, ती ते लहानपणच्या खुणांवरून ओळखत. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "आधी देवळाचं शिखर दिसतं. मग लोक म्हणत्यात, आता आमचं घर दिसंल. घर न्हाय दिसत. निस्ता उंबरा दिसतो." दिनकरराव म्हणाले, "बाई, हे त्या लेखकाला सुचलं नाही बघा." पुढच्या एका रविवारी आबांचा धीर सुटला. "ह्यी परदेशी माणसं लई येळ बघत बसत्यात, बाई. आपल्याकडं असतं तर पयल्या दिशी जेसीबी लावला असता." दिनकरराव इतके हसले की त्यांना खोकला आला आणि ते उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी तेवढ्यात वहीला समास आखून घेतले.

त्या प्रकरणाला आम्हाला आठ महिने लागले. आधीची प्रकरणं महिन्या-दीड महिन्यात झाली होती. इथे मात्र एका रविवारी एक परिच्छेद, कधी चारच ओळी. मी घाई केली की ते म्हणत, "पाणी हळूच उतरलं पाहिजे, बाई." मला वाटलं, काय जाण आहे या माणसाला... त्यांच्या घड्याळाचा पट्टा मनगटावरून कोपराकडे सरकत होता. मोठ्याने वाचताना ते स्वल्पविराम नसेल तिथेही थांबत. चहाचा कप भरलेला परत जायचा आणि सुनंदा काही न बोलता उचलून न्यायची. पावसाळ्यात ते खुर्चीवर बसत, थंडीत कॉटवर टेकून, उन्हाळ्यात उशी लावून. हे सगळं मी पाहिलं. एकेक खूण मला आज तारीखवार सांगता येईल. मी पाण्याविषयी लिहीत होते, आणि मला फक्त माझा दगड दिसत होता. शेवटच्या रविवारी दीड पान राहिलं होतं. त्यांनी दोन ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज एवढंच." मी छत्री घेतली आणि निघाले.

दहाव्याला घरात गर्दी होती, निवांत बोलता आलं नाही, म्हणून मी त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेले, नेहमीच्याच गाडीने. आबा ओसरीवर होते, समोर पोतं नव्हतं. मी ठरवून गेले होते की रागावायचं नाही. बसल्याबसल्या विचारलं, "आबा, घरात सगळ्यांना माहीत होतं?"

"व्हय."

"सुनंदाला?"

"तिनंच तर गोळ्या दिल्या."

"दूधवाल्याला?"

आबांनी मान खाली घातली. "त्यालाबी. त्याची मोटार हुती न्ह्यायला दवाखान्यात."

"मग मला एकटीलाच का नाही?"

"त्यानं शप्पत घातलीती, बाई. म्हनायचा, बाईंना कळलं की वही बंद हुईल आन् फळं सुरू हुत्याल. मोसंबी घिऊन येत्याल, गुडघ्याशी बसत्याल, कसं वाटतंय इचारत्याल. मला त्ये नको. मला चार वाजता त्यांचं ते इस्त्रीचं वाक्य पायजे."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. मी म्हटलं, "मोसंबी आणायची की वही, हे मी ठरवलं असतं ना. त्यांनी माझ्या वतीने कसं ठरवलं?" आबा आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. "ह्ये तुमाला द्या म्हनला हुता."

दोन वर्षांत ते पुस्तक मी प्रथमच हातात धरलं. पहिल्या पानावर त्यांची सही होती, खाली कॉलेजचं दुसरं वर्ष आणि रोल नंबर. आतमध्ये पानोपानी पेन्सिलच्या खुणा, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचं मोठं, उभं अक्षर. म्हणजे त्यांनी ते पन्नास वर्षांपूर्वीच वाचलेलं होतं, शेवटपर्यंत. आमच्या कराराच्या दिवशीही त्यांना सगळं ठाऊक होतं. प्रत्येक कलाटणीला "अरेच्चा, आता हे काय?" म्हणत भुवया उंचावणारा तो माणूस मला आठवला आणि ओसरीवर बसवेना. एक खोटं माणूस प्रकृतीपायी बोलतो असं समजू. पण हे दुसरं कशापायी? मी आबांना सांगितलं, तेव्हा ते जरा हसले. "बाई, तुमी नवं वाचताना तुमचं तोंड बघायला आवडायचं त्याला. आमालाबी दावायचा." म्हणजे दोन वर्षं मी भाषांतर करत होते आणि दोघं भाऊ मला वाचत होते.

"फसवलं त्यांनी मला," मी म्हटलं.

आबांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "फसवलं तर फसवलं. पर एक इचारतो. तुमची नातवंडं हायेत न्हवं तिकडं लांब, त्यास्नी तुमी सगळं सांगता व्हय?"

मी पुस्तक पिशवीत टाकून निघाले. परतीच्या गाडीत त्यांचा प्रश्न माझ्यासोबत होता. म्हणून आता ऐका. माझ्या डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे. गेल्या दिवाळीच्या आधीपासून. त्या बाजूची नजर बरीचशी गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालते. मागच्या महिन्यात भिगवण चौकात डावीकडून आलेली मोटरसायकल मला दिसलीच नव्हती. एका मुलीने दंड धरून मागे ओढलं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला व्हिडिओवर आंब्याच्या लोणच्याची बरणी दाखवत होते. तुमच्या आईला हे मी त्या रविवारी अंथुर्ण्याहून घरी पोचताच सांगितलं. ती म्हणाली, "आई, दर रविवारी तू सगळं ठीक आहे म्हणत होतीस. मी ते खरं धरून कामाला जात होते." मी हो म्हटलं. ती अजून माझ्याशी तुटक बोलते. तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून, असं मी तिला समजावू शकले असते. नाही समजावलं. मला समजावलं जात होतं तेव्हा कसं वाटलं, ते अजून ताजं होतं.

आबांच्या प्रश्नाने माझा दिनकररावांवरचा राग गेला असं मात्र समजू नका. तो आहे. आठ महिने मला निरोप घेता आला असता. एखाद्या रविवारी मी इस्त्री न करता काही बोलले असते. ती संधी त्यांनी मला न विचारता काढून घेतली, आणि त्याचं कारण कितीही गोड असलं तरी गेलं ते माझं गेलं.

राहिलेलं दीड पान मी एकटीने पुरं केलं, दिवसाउजेडी, दोन बैठकांत, मोठ्या अक्षरात. आता शेवट सांगून टाकते, ताटकळत ठेवत नाही. तळं पूर्ण आटतं. गाव काठावर श्वास रोखून उभं असतं. चिखलात ती वस्तू उघडी पडते आणि आत कुणीच नसतं. खालच्या बाजूला भोक असतं. जे यायचे ते पहिल्याच दिवशी, पाणी भरलेलं असतानाच, निघून गावात शिरलेले असतात. इतके दिवस सगळे पाण्याकडे बघत होते.

त्या ओळीच्या खाली, छापलेल्या मजकुराला चिकटून, कॉलेजातल्या दिनकरने पेन्सिल दाबून लिहिलं आहे: "हे बरोबर नाही. लेखकाला माहीत होते तर त्याने आधी सांगायला हवे होते." अक्षर रागात लिहिल्यासारखं आहे, एका ठिकाणी कागद फाटलाय. मी ते तीनदा वाचलं. मग लाल पेन घेतलं, त्याखाली "सहमत" लिहिलं, आणि सही करून तारीख घातली.