पुतळाबाईनं दोनदा भरलेली पिशवी

मे महिन्यातल्या एका दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर पंचेचाळिशीची एक बाई उभी होती. साडीवर कंपनीचा टी-शर्ट, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि चपला दोन पायऱ्या खालीच काढून ठेवलेल्या.

"सहा लिंबं, दही, कोथिंबिरीची जुडी आन् खडीसाखर," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात ह्याच घरी आलतं ना?"

मी शहराच्या छावणी भागात एकटी राहते, शाळेत मराठी शिकवते. दहा-बारा मिनिटांत सामान घरपोच करणारी कंपनी शहरात आल्यापासून आठवड्यातून तीनदा तरी मी काहीबाही मागवते. कुठल्या दिवशी काय मागवलं ते एरवी सांगता आलं नसतं. पण ती पिशवी आठवत होती, कारण ती अर्धा तास उशिरा आली होती.

"हो. का?"

"त्या दिवशी काय व्हतं घरात तुमच्या? कोन आजारी व्हतं? का पाव्हणे आलते?"

ती माझ्या तोंडाकडे इतकी एकटक बघत होती, की खोटं बोलावंसं वाटलं. आई आजारी होती म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, हे मला त्या क्षणीच कळलं. पण तोंडातून खरंच निघालं.

"काही नव्हतं. खडीसाखरेचा डबा रिकामा दिसला. फोन हातात होता, म्हणून मागवलं."

"म्हंजी घाई नव्हती."

"नव्हती."

"बरं," ती म्हणाली. पायऱ्या उतरून चपला घालता घालता माझ्याकडे न बघताच तिनं सांगितलं, "ते सामान आणताना माझे मालक पडले. मांडीचं हाड मोडलं. इचारावं वाटलं, एवढंच."

मी खाली जाऊन तिचा हात धरला आणि तिला घरात आणलं. पाणी दिलं. त्या दिवशी सामान घेऊन आलेला सत्यम नावाचा पोरगा मला म्हणाला होता, "आधीचे रायडर पडले, मॅडम." मी पिशवी घेतली आणि दार लावलं. कोण पडलं, किती लागलं, विचारलं नाही. वर फोनमध्ये दोन तारे दिले, उशीर झाला म्हणून. हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

तिचं नाव पुतळाबाई. नवऱ्याचं सर्जेराव. दोघं बिडकीनकडचे, मेंढरं राखणारे. स्वतःची जमीन नव्हती. माळावर चारायचं, उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पाऊस लागला की परत फिरायचं. पंचावन्न मेंढरं होती. मग तिकडं औद्योगिक वसाहत आली, माळाला तारेचं कुंपण पडलं. दोन वर्षं त्यांनी लांब लांब नेऊन चारून पाहिलं, आणि शेवटी मेंढरं विकली. मुलीचं, दिपालीचं, लग्न त्याआधीच झालं होतं. नवरा-बायको शहरालगतच्या पडेगावात एका खोलीत राहायला आली.

पडेगावच्या रस्त्याला कंपनीचं गोदाम आहे. दुकानासारखंच, फक्त गिऱ्हाईक आत येत नाही. फोनवर मागणी आली की आतल्या बाया फडताळांतून वस्तू गोळा करून पिशवी भरतात आणि बाहेर ओळीनं थांबलेल्या रायडरपैकी ज्याचा नंबर असेल तो ती घेऊन सुटतो. पुतळाबाईला तिथं आत काम मिळालं. चौथीपर्यंत शिकलेली, पण कुठली वस्तू कुठं आहे ते तिला आठ दिवसांत पाठ झालं. सर्जेराव काही दिवस मिस्त्रीच्या हाताखाली राबले. मग बायकोच्या मागोमाग तेही तिथंच रायडर झाले, भाड्याच्या बॅटरीच्या गाडीवर. वय एकोणपन्नास. बाकीची पोरं विशीतली. ती त्यांना मामा म्हणत.

"मालकाला पळायचं ठावंच नाय," पुतळाबाई सांगत होती. "सगळा जन्म मेंढराच्या चालीनं चाललेला माणूस. फोनमधी ती बाई डावीकडं वळा म्हनायची, तर हे गाडी उभी करून चहावाल्याला पत्ता इचारायचे. दोनदा ताकीद मिळाली. तिसऱ्यांदा काढलं असतं."

तेव्हा तिनं एक गोष्ट सुरू केली. सामान पोचवायची बारा मिनिटं मोजली जायची ती मागणी आल्यापासून. पिशवी भरायला दोन मिनिटं लागत. नवऱ्याचा नंबर आला की ती पळत सुटायची आणि एका मिनिटात पिशवी त्यांच्या हातात द्यायची. उरलेलं मिनिट त्यांना रस्त्यात मिळायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सर्जेरावांनाही नाही.

माझी मागणी आली तेव्हा नंबर त्यांचा होता. लिंबं, दही, कोथिंबीर तिनं झपाट्यानं घेतली. खडीसाखर जागेवर नव्हती. कुणीतरी ती मिठाच्या पाकिटांमागं सारली होती. सापडेपर्यंत तीन मिनिटं गेली. तिनं पिशवी दिली आणि म्हणाली, "जरा हात चालवा आज."

वीस मिनिटांनी पडद्यावर पुन्हा तेच आलं. सहा लिंबं, दही, कोथिंबीर, खडीसाखर. पत्ता तोच.

"कोन सांडून आलं रं सामान?" ती मोठ्यानं म्हणाली आणि हसली. व्यवस्थापक अभय कोपऱ्यात फोन कानाला लावून उभा होता. तिनं पिशवी भरली. खडीसाखर या वेळी लगेच हाताला लागली. सत्यम आला, खाली बघत पिशवी घेऊन गेला. मग अभयनं फोन ठेवला आणि म्हणाला, "मावशी, जरा बसा."

छावणीच्या वळणावर सांडलेल्या खडीवरून सर्जेरावांची गाडी घसरली होती. मांडीत सळई घालावी लागली. सोळा दिवस दवाखान्यात, आणि आता घरी खाटेवर.

"म्या हसले, ताई," पुतळाबाई म्हणाली. "त्येंचीच पिशवी परत भरताना म्या हसले."

पुढच्या रविवारी मी पडेगावला गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खोली स्वच्छ होती, पत्र्याची, आणि चांगलीच तापलेली. सर्जेराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. उंच, हडकुळा माणूस, पांढऱ्या मिशा. मी कोण ते पुतळाबाईनं सांगितलं. मी "माझ्यामुळं" एवढं म्हणते तोच त्यांनी हात वर केला.

"तुमी सामान मागवलं, म्या आणत व्हतो. त्यात तुमचं काय?"

पुतळाबाई दाराशी उभी होती. चुलीपाशी जायला वळली आणि वळता वळता थांबली. मी तिथं आहे हे जणू तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"चूक माजी हाय," ती म्हणाली. "खडीसाखर घावली नाय. तीन मिनिटं म्या खाल्ली. नायतर तुमी पळाला नसता."

सर्जेराव चादरीचा काठ बोटांनी सरळ करत राहिले.

"तू कुठं खाल्ली," शेवटी ते म्हणाले. "म्या थांबलो व्हतो."

"कुठं?"

"रस्त्यात. मिटमिटा गावाच्या अंगानं मेंढरं आलती, रस्ता वलांडत व्हती. गाड्या भोंगे वाजवीत बाजूनं काडून जात व्हत्या. मलाबी जाता आलं असतं. नाय गेलो. गाडी बंद केली आन् बघत उभा ऱ्हायलो. सगळी जाईस्तोवर. मग ध्यानात आलं आन् सुटलो."

मला वाटलं, ती आता चिडेल. महिनाभर तिनं स्वतःला खाल्लं होतं. दवाखान्यात, घरात, कामावर. आणि हा माणूस खाटेवर पडून सगळं बघत होता, पण एक शब्द बोलला नव्हता.

पुतळाबाई खाटेच्या कडेला येऊन बसली.

"कोनाची व्हती?"

"वैजापूरकडचे व्हते कुनी. नाव नाय इचारलं."

"किती?"

"दोनशे असतील."

"कोकरं व्हती?"

"लई व्हती. एक काळं, कानावर पांढरा ठिपका. त्ये सारकं मागं ऱ्हात व्हतं."

"आन् कुत्रं?"

"दोन."

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडली. आवाज न करता, पण बराच वेळ. सर्जेरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते भिंतीकडं बघत होते आणि त्यांचेही डोळे भरले होते. मी उठून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारची बाई धुणं वाळत घालत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुढची चादर पिळायला घेतली.

जरा वेळानं पुतळाबाईनं आतून हाक मारली. "ताई, च्या झाला."

त्यानंतर मी तीन-चारदा तिकडं जाऊन आले. श्रावणात सर्जेराव काठीवर चालू लागले. एक पाय आखूड झालाय, गाडी आता चालवता येणार नाही. पुतळाबाई दिवाळीपर्यंत गोदामात राहिली. सगळ्यांच्या पिशव्या आता सारख्याच वेळात भरते, असं ती एकदा सहज म्हणाली. मग कंपनीनं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिडकोकडं हलवलं. रोज तेवढं जाणं-येणं जमेना, तेव्हा तिनं काम सोडलं. आता ती पडेगावातल्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. मी मात्र अजूनही घरपोच सामान मागवते, कधी गरज असते म्हणून, कधी सवयीनं. कमी केलंय म्हणावं, तर तेवढंही खरं नाही.

परवा तिचा फोन आला होता. सळईच्या जागी सर्जेरावांना रात्रंदिवस दुखतं. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढायला सांगितलाय आणि माघात परत बोलावलंय. कदाचित मांडी पुन्हा उघडावी लागेल.

"ते म्हणत्यात, ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "म्या म्हनलं, जायाचं. काय निघंल ते निघंल. तुमी याल का संगं? मला कागदावरलं समजत नाय."

मी येते म्हणाले. तिनं तारीख सांगितली, ती मी लिहून घेतली.