लग्न चालू असल्याचा पुरावा

व्हिसासाठी मी जी पहिली फाईल तयार केली, तिच्याप्रमाणे माझं प्रेम पाण्याचे कॅन पोचवणाऱ्या मुरुगनवर होतं आणि माझ्या बायकोचं एका शिंपिणीवर.

वास्तविक माझं लग्न जानकीशी झालं आहे. मी सांगलीचा, चेन्नईच्या गिंडी भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. जानकी इथलीच, तंजावरी मराठी घरातली. (त्यांचं मराठी आपल्याहून जुनं आणि त्याची चाल तमिळ. पहिल्या भेटीत सासऱ्यांनी ‘कॉफी घेणार का’ असं त्या चालीत विचारलं, तेव्हा ते मला हाकलून देताहेत असं वाटून मी चप्पल घातली होती!) गेल्या वर्षी जानकीला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. ती पुढे गेली आणि मी ‘मागून येतोच’ म्हणून राहिलो, तो राहिलोच. तिचं दुपारचं जेवण आणि माझा संध्याकाळचा चहा, असे आम्ही फोनवर एकत्र बसायचो. एकदा ती म्हणाली, "मी सगळं दोन-दोन आणलंय रे. दोन कप, दोन उशा. दुसरं नुसतंच पडून असतं." मला भयंकर वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी व्हिसाची कामं करणाऱ्या रघुरामन यांच्या ऑफिसात जाऊन बसलो.

रघुरामन यांनी माझी कागदपत्रं पाहिली. (आमचं बोलणं इंग्रजी आणि तमिळच्या खिचडीत झालं. वाचकांवर दया म्हणून मराठीत देतो.)

"हे काय?"

"मॅरेज सर्टिफिकेट."

"म्हणजे लग्न झालं. लग्न चालू आहे, हे कुठे दिसतं?"

"चालूच आहे की!"

"तुम्हाला माहीत आहे, सर. त्या अधिकाऱ्याला काय माहीत?"

मी गोंधळलो. लग्न चालू आहे की नाही, असा विचार मी कधी केलाच नव्हता. पंखा नाही का, बटण दाबलं की बंद करेपर्यंत चालूच असतो! पण रघुरामन यांचं म्हणणं असं, की दोघांनी आपापल्या फोनमधून एकमेकांचे व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोप छापून द्यायचे. लग्नाआधीपासूनचे. दोन गठ्ठे जुळले की नातं खरं. मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडायचं, खाली भाषांतर करणाऱ्याची सही.

भाषांतराला माणूस घरातच होता. माझे सासरे, अप्पा, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. लाल पेन अजून खिशात असतं. मी माझा गठ्ठा छापला, जानकीने तिचा तिकडून ईमेलने पाठवला, तोही छापला, आणि दोन्ही अप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवले. वर म्हणालो, "थोडं खाजगी आहे, अप्पा. सांभाळून घ्या."

अप्पांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिलं पान वाचलं.

"जावई, हा वॉटर कॅन मुरुगन कोण?"

मी वाकून पान पाहिलं.

इथे जरा मागचं सांगायला हवं. लग्नाआधी वर्षभर आमचं जमलेलं होतं आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या खोलीतले दोन मित्र सारखे माझ्या फोनमध्ये डोकवायचे. म्हणून मी जानकीचा नंबर ‘वॉटर कॅन मुरुगन’ या नावाने ठेवला होता. चेन्नईत पिण्याचं पाणी कॅनमधून येतं. दिवसातून चारदा मुरुगनचा फोन आला, तरी कुणाला संशय येत नाही. उलट लोक हळहळतात, की बिचाऱ्याच्या घरात पाणी नाही! पुढे लग्न झालं, पण नाव बदलायचं राहून गेलं. माझ्या डोळ्यांना ती अक्षरं जानकी अशीच दिसायची. खरा मुरुगनही माझ्या फोनमध्ये होता, तो ‘मुरुगन वॉटर कॅन’ या नावाने. आधी वॉटर कॅन म्हणजे जानकी, आधी मुरुगन म्हणजे मुरुगन. इतकं सोपं!

"तो... पाणी आणतो, अप्पा," मी म्हणालो. (घाबरलो की मी खरं बोलतो, पण चुकीचं.)

"पाणी आणतो. आणि निळा कुडता त्याला फार शोभतो, असं तुमी त्याला लिवलं अहे?"

"अप्पा, ते..."

"त्याच्या हातचा दहीभात खाल्ल्यावर तुमाला दुसरं काही गोड लागत नाहीं?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मा आल्या. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाणीवाला दहीभातही देतो की काय?"

मी तोंड उघडेपर्यंत अप्पांनी दुसरा गठ्ठा ओढला. तो त्यांच्या लेकीचा. त्यात जानकीचं नाव होतं आणि समोर ‘टेलर अक्का’. अप्पा एक बोट या गठ्ठ्यावर आणि एक त्या गठ्ठ्यावर ठेवून वाचू लागले. इकडे मी मुरुगनला जे लिहीत होतो, तेच तिकडे टेलर अक्का जानकीला लिहीत होती. तारीख तीच, वेळ तीच, स्वल्पविरामसुद्धा तोच! अप्पांमधला मास्तर खडबडून जागा झाला.

"कॉपी!" ते ओरडले. "दोन पेपर, एकच उत्तर! इतकी वर्षं पेपर तपासले, मला कळत नाहीं म्हणता की काय?"

"कॉपी नाही, अप्पा! मुरुगन म्हणजे जानकी!"

"मग टेलर अक्का कोण?"

"मी!"

अप्पांना हिशोब लागायला वेळ लागत होता, पण अम्मांना तो लगेच लागला. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"लग्नाच्या आधी एकदा मी जानकीच्या फोनवरनं टेलर अक्काला बोलले हुते. ब्लाउजची बाही इतकी घट्ट, दंड आत जात नाहीं, म्हणून. पलीकडनं बारीक आवाजात ‘सरी मा, सरी मा’ म्हण्टलं, ते कोण?"

(सरी मा म्हणजे ‘बरं बाई’. तेवढंच तमिळ मला तेव्हा येत होतं.)

"मीच, अम्मा."

"अय्यो! तो ब्लाउज मी आणखी एक दिवाळी वाट बघून बोहारणीला दिला!"

त्यानंतरचा अर्धा तास मी वर्णन करत नाही. अप्पांनी एवढंच विचारलं, की पोरीला एकटं राहून किती महिने झाले. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही गठ्ठे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आधी बायकोला बायकोचं नाव द्या. मग या." तिथेच, अम्मांच्या नजरेखाली, मी फोन उघडला, मुरुगन शोधला आणि तिथे ‘जानकी बायको’ असं लिहिलं. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

वाटेतच नवा गठ्ठा छापून घेतला. पानं मोजण्यापलीकडे मी त्याकडे पाहिलंही नाही. रघुरामन यांना आधी दाखवावं आणि मग भाषांतराला द्यावं, असा विचार करून मी थेट त्यांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी पानं चाळायला सुरुवात केली आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"भाषांतर कशाला? हे तर सगळं तमिळमध्ये आहे! मॅडमचं तमिळ फर्स्ट क्लास आहे, सर."

"इथेच वाढलेली आहे ना," मी अभिमानाने म्हणालो.

"नवऱ्याला ‘सार’ म्हणतात! आजकाल कोण म्हणतं?"

जानकी मला ‘सार’ म्हणते, हे मला नवीन होतं. मी नुसतं हसलो. रघुरामन मोठ्याने वाचू लागले.

"‘किती वेळ बेल वाजवली, सार?’ ‘झोप लागली होती.’ ‘परत जाऊन परत आले.’ ‘सॉरी.’ ‘काल सांगितलेलं काम केलं नाही.’ ‘विसरलो.’ ‘तुम्ही नेहमी विसरता.’ वा!" त्यांनी पान उलटलं. "‘उद्या येशील का?’ ‘उद्या जमणार नाही.’ ‘मग मी काय करू?’ ‘शेजाऱ्यांकडे मागा.’ सर, मी आजवर कित्येक फायली पाहिल्या. लोक नुसतं प्रेम छापून आणतात. प्रेमाचा अधिकाऱ्याला संशय येतो. हे बघा! उशीर, विसरणं, तक्रार, सॉरी. हे लग्न!"

मला भरून आलं. आपला संसार इतका अस्सल आहे, याची मला कल्पनाच नव्हती. मी कौतुकाने त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पुढची ओळ होती, ‘सार, दोन रिकामे कॅन गेटपाशी ठेवा.’

मी खुर्चीत बसलो. मग सगळं सांगितलं. नाव बदललं ते खऱ्या मुरुगनचं! रघुरामन यांनी गठ्ठा मिटला, त्यावरून हळुवार हात फिरवला आणि फार हळहळले.

"काय फाईल झाली असती, सर!"

घरी येऊन मी दोन्ही मुरुगनांना समोर बसवावं तसा फोन घेऊन बसलो. आधी दोन्ही नंबरांवर फोन केले. एकावर जानकीने "काय रे?" म्हटलं आणि दुसऱ्यावर मुरुगनने "किती, सार?" विचारलं, तेव्हा कुठे नावं बदलली. तिकडे जानकीच्या फोनमध्ये टेलर अक्काचंही समीर, म्हणजे माझं खरं नाव, झालं. अप्पांनी भाषांतर केलं, मुकाट्याने. फक्त लग्नाआधीच्या एका पानावर समासात लाल पेनने लिहिलं होतं, ‘तेच तेच फार लिहिता.’ ते खोडून नवीन प्रत काढावी लागली. शेवटी सही करताना म्हणाले, "लवकर जा हो जावई. ती फोनवर हसते, पण तिचा आवाज मला कळतो." मी त्यांच्या पाया पडलो.

आता रघुरामन यांच्यापुढे खरा गठ्ठा होता. निळा कुडता वाचून त्यांनी तोंड वाकडं केलं. दहीभात वाचून मान हलवली. "नुसतं प्रेम, सर. फार कमकुवत केस." ते पानांमागून पानं उलटत गेले आणि एका जागी त्यांचं बोट थबकलं.

"‘किल्ली?’ ‘कुंडीखाली.’ ‘डाळ भिजवलीस?’ ‘विसरलो.’ ‘नेहमीचंच.’ इथे लग्न झालं का तुमचं?"

मी तारीख पाहिली. लग्नाला बरोब्बर पंधरा दिवस झाले होते!

"आता ठीक आहे," ते म्हणाले आणि खुशीत शिक्का उचलला. "इथून पुढे सगळं पहिल्या दर्जाचं आहे. मुरुगनच्या तोडीचं."

व्हिसा मिळाला. ईमेल उघडला तेव्हा मी कारखान्यात होतो. यंत्रांच्या खडखडाटात उभा राहून मी जानकीला लांबलचक निरोप लिहिला. तिच्याशिवाय घर कसं खायला उठतं, चहाला चव कशी नसते, एकेक दिवस कसा काढला, आता दुसरा कप आणि दुसरी उशी पडून राहणार नाही, सगळं सगळं. लिहिताना डोळे भरून आले होते. (शेजारच्या मशीनवाल्याने विचारलं, "घरी सगळं बरं ना?")

मिनिटभरात उत्तर आलं: ‘ओके. येताना कुकरची शिट्टी आण. आणि या वेळी विसरू नकोस.’

मी दचकून नाव पाहिलं. मग नंबर पाहिला. मग खात्रीसाठी तिचा फोटोही उघडून पाहिला. जानकीच होती! आमचं लग्न चालू आहे, याबद्दल आता माझ्याही मनात शंका उरली नाही. मी उत्तर पाठवलं, ‘हं.’