कार्ले फाट्यावर ऐकलेलं जर्मन

आधीच सांगते — भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तेव्हा "तुम्हाला भास झाला असेल" असं कळवायचं असेल, तर कागद वाया घालवू नका. ते मला पुष्कळांनी सांगून झालंय.

गोष्ट साठच्या दशकातली. आम्ही वडगाव मावळचे, अब्बांचं बाजारात कापडाचं दुकान. मी पुण्याला कॉलेजात जर्मन शिकत होते. जर्मनीला जायचे माझ्यापुढे दोनच रस्ते — नर्सिंगचं ट्रेनिंग, नाहीतर विद्यापीठाची स्कॉलरशिप. रक्त बघून मला चक्कर यायची, म्हणजे स्कॉलरशिपच! फॉर्म भरलेला होता, अडलं होतं ते अब्बांच्या सहीवर.

"एकटी मुलगी... इतक्या लांब? नाही." विषय संपला. माझ्यासाठी नाही, मी इंटरव्ह्यूची तयारी चालूच ठेवली.

दिवाळीनंतरची भर दुपार. कार्ल्याच्या मैत्रिणीकडून निघून मी लोणावळ्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, चालले होते. फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी... शेजारी गवताचा भारा टेकवून एक म्हातारी बसलेली. बाकी चिटपाखरू नाही. मी "मला भाषांमध्ये रस आहे" हे जर्मनमध्ये घोकत होते आणि दर वेळी 'फ्यूर' हा शब्द हवा तिथे 'इन' म्हणत होते.

"फ्यूर," म्हातारी म्हणाली.

मी वळले. तिने माझ्याकडे बघत अख्खं वाक्य बरोबर म्हटलं. मग हळूच — "हॉब कोआ आंग्स्ट, माडल." तिचे ओठ हलताना मी पाहिले!

"मावशी, कुठं शिकलात हे?"

"काय शिकले? म्या कुटं काय बोलले, पोरी?" तीच गोंधळली. भारा उचलून डोंगराच्या वाटेला लागली.

ते शेवटचं वाक्य मला नीट कळलं नव्हतं. ऐकलं तसं वहीत उतरवलं आणि पुण्यात आमच्या जर्मनच्या बाईंना दाखवलं, त्या मूळच्या जर्मनीच्याच. आधी त्या हसल्या, मग त्यांनी ते पुन्हा वाचलं. "ही आमच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतली बोली. पुस्तकात नसते. 'घाबरू नकोस, पोरी.' तुला कोणी शिकवलं?"

आमच्या घरी आलेल्या खालाने ऐकताच निकाल दिला — "झपाटलंय हिला. आधी ताईत, मग लग्न. परदेश वगैरे काही नाही!"

"झपाटलं असेल तर असू दे," मी म्हटलं. "घाबरू नकोस म्हणालं ते. घाबरवताय तुम्ही."

 दुसऱ्या दिवशी अब्बा दुकान बंद ठेवून मला घेऊन कार्ल्याला आले. विचारत विचारत आम्ही डोंगरातल्या वाडीवर पोचलो. म्हातारी भात झोडत होती. अब्बांनी नमस्कार करून, ती भाषा कुठं शिकलात, असं विचारलं.

"न्हाई वो भाऊ, एकवीरेची आण! वडगावच्या पल्याड मी कंदी गेले न्हाई. मला ल्ह्याया-वाचाया बी येत न्हाई." वाडीत कधी गोरा माणूस राहिला होता का, हेही विचारलं. कुणाला आठवेना.

परतताना बसमध्ये अब्बांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, "ती बाई खोटं बोलत नाही. आणि तू पण नाहीस. घरी गेलो की फॉर्म आण."

मी गेले. शिकून आले, मग तीस वर्षं जर्मन शिकवलं. कार्ल्याला नंतर दोनदा जाऊन आले, म्हातारी राहिली नव्हती.

उन्हाने डोकं तापलं असेल, म्हणतात. असेल. पण उन्हात उभं राहून कुणाला बोली येत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही... आणि नाही सापडलं म्हणून घडलंच नाही, हे मी ऐकून घेणार नाही.